निशि-कासाईत बिऱ्हाड मांडताना

जपानातली पहिली रात्र आम्ही न्हाणीघराच्या उजेडात जेवलो. वीज होती, दिवे नव्हते. भाड्याच्या घरात खोल्यांचे दिवे इथे बहुतेकदा मिळत नाहीत, छताला नुसतं सॉकेट असतं. पडदे नाहीत, गॅसची शेगडी नाही. आधीचा भाडेकरू सगळं उचलून नेतो आणि घर शब्दशः रिकामं करून देतो. आम्ही मिरजेहून दोन कुकर, एक किसणी आणि पुरणयंत्र आणलं होतं, बल्ब आणला नव्हता. न्हाणीघरात आणि स्वयंपाकाच्या ओट्यावर मात्र दिवा होता, म्हणून न्हाणीघराचं दार सताड उघडं ठेवून दारात वर्तमानपत्र अंथरलं आणि धपाटे खाल्ले. एजंटाने हे सांगितलं नव्हतं. आम्ही विचारलं नव्हतं.

ही गोष्ट २०१४ ची. तेव्हापासून टोकियोच्या एदोगावा वॉर्डात, निशि-कासाईला राहते. २००० सालच्या आसपास संगणकवाल्यांची इथे भरती सुरू झाली तेव्हापासून भारतीय या भागात राहतात. २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हे आपले मराठी गृहस्थ या वॉर्डाच्या सभेवर निवडूनही आले. त्यामुळे तूरडाळ, पोहे, गोडा मसाला यांची काळजी करू नका, ते मिळतं. दर एप्रिलला, जपानी शाळा-कचेऱ्यांचं वर्ष सुरू झालं की, नवी कुटुंबं येतात आणि मला फोन करून डाळीचं विचारतात. विचारायला हवं ते दुसरंच असतं. ते खाली लिहिते.

एक गोष्ट आधी डोक्यात ठेवा, म्हणजे बाकीची आपोआप कळतील. इथे तुमचं चुकलं तर कुणी तोंडावर सांगत नाही. तक्रार येते, पण वळसा घालून, उशिरा आणि इतकी गोड होऊन येते की ती तक्रार आहे हेच कळत नाही. म्हणून आधी विचारायचं.

पहिला पंधरवडा

विमानतळावर रहिवासी कार्ड मिळतं. घरात राहायला लागल्यापासून १४ दिवसांत वॉर्ड ऑफिसात जाऊन त्यावर पत्ता चढवायचा. त्याच खेपेत मुलांच्या शाळेचं विचारून घ्या, आणि कंपनी विमा देत नसेल तर आरोग्यविम्याचंही. विमा असला की दवाखान्याच्या बिलाचा ३० टक्के भाग आपण भरायचा.

गॅस सुरू करायला कंपनीचा माणूस घरी येतो आणि तेव्हा कुणीतरी घरात असावं लागतं. वेळ आधी ठरवा. शेगडी घेण्यापूर्वी घरातला गॅस पाइपचा आहे की प्रोपेनचा ते पाहा. दोन्हींच्या शेगड्या वेगळ्या असतात, एकाची दुसऱ्यावर चालत नाही.

आपली खरी पंचाईत नावाची. आपल्या पासपोर्टात नावाच्या रकान्यात वडिलांचं किंवा नवऱ्याचंही नाव घुसलेलं असतं आणि रहिवासी कार्डावर ते जसंच्या तसं उतरतं. बँकेच्या अर्जातल्या चौकोनांत ते मावत नाही. मी दवाखान्यात बसले होते आणि नर्स माझ्या नवऱ्याच्या नावाने हाका मारत होती; तिसऱ्या हाकेला माझ्या लक्षात आलं की ती मीच. जपानी लोक आडनाव आधी लिहितात, शाळेच्या हजेरीपटासारखं, ते आपल्याला सोपं आहे. पण कातकाना लिपीत नाव कसं लिहायचं ते पहिल्याच दिवशी ठरवा आणि सगळीकडे तसंच लिहा. कुलकर्णी असाल तर ‘कुरुकारुनि’ व्हाल. एका ठिकाणी ‘नि’ आणि दुसऱ्या ठिकाणी लांबवलेला ‘नी’ झाला, तर तेवढ्यावरून पगार खात्यात जमा व्हायचा अडू शकतो.

आवाज

मिरजेत आमच्या गल्लीला कुकरच्या शिट्ट्यांवरून वेळ कळायची. इथेही मी सकाळी सहाला कुकर लावायचे, चार शिट्ट्या, मग चटणीचा मिक्सर. मुलं तेव्हा सहा आणि तीन वर्षांची, घरात पळायची. पहिल्या दोन महिन्यांत खालच्या मजल्यावरच्या बाई लिफ्टमध्ये भेटल्या. वय सत्तरीचं, वाकून हसल्या आणि म्हणाल्या, ‘तुमची मुलं फार उत्साही आहेत हो!’ मी खुलून आभार मानले. घरी येऊन आईला फोनवर सांगितलंसुद्धा, की शेजार चांगला मिळाला.

तीन आठवड्यांनी खाली टपालपेट्यांपाशी एक कागद लागला. कुणाचं नाव नाही, घरनंबर नाही. ‘अलीकडे सकाळच्या वेळी काही आवाज होत असल्याचं कानावर आलं आहे, सर्वांनी एकमेकांचा विचार करावा.’ मी तो फोनवर भाषांतर करून वाचला आणि कोण बाई हा त्रास देतेय, असा विचार करत वर आले. आणखी एक आठवडा गेला, तेव्हा ऑफिसातल्या एका जपानी मैत्रिणीने नवऱ्याला विचारलं, ‘तुमच्याकडे वाफेचं इंजिन आहे का?’ तेव्हा उजेड पडला.

तर असं करा. रात्री नऊ ते सकाळी आठ या वेळात मिक्सर, कपड्यांचं यंत्र, व्हॅक्यूम बंद. कुकर लावायचा तर शिट्टी होऊ न देता, पहिली वाफ भरली की आच बारीक करून. नाहीतर बिनशिट्टीचा जपानी कुकर घ्या, फक्त वरणाला किती मिनिटं ते नव्याने बसवावं लागतं. मला पंधरा दिवस लागले आणि तेवढे दिवस आमटीत डाळ मोजता येत होती. मुलं पळतात त्या खोलीत जोडायच्या फोमच्या लाद्या घाला. आणि मुख्य म्हणजे, राहायला आल्याच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही बाजूंच्या, वरच्या आणि विशेषतः खालच्या घरी जाऊन या. ‘लहान मुलं आहेत, आवाज होईल, माफ करा’ एवढं आधीच म्हणून ठेवलं की पुढचा अर्धा आवाज ऐकूच येत नाही त्यांना.

अशा भेटीला ‘हिक्कोशि नो आइसात्सु’ म्हणतात. हातात काहीतरी न्यायचं, ५०० ते १००० येनांचं: बिस्किटांचा डबा, टॉवेल. घरचे लाडू पहिल्या भेटीत नेऊ नका, अनोळखी घरचा पदार्थ खायला लोक बिचकतात. हल्ली शहरात, एकट्या राहणाऱ्यांत ही रीत कमी झाली आहे. मुलं असतील तर मात्र जाच.

आणि वृद्ध बाईंना ‘ओबाआसान’ म्हणू नका. शब्दाचा अर्थ आजीच आहे, आणि आपण भाजीवालीलाही मावशी म्हणतो, त्यामुळे तोंडात पटकन येतो. मी त्या खालच्या बाईंना तसं म्हटलं आणि त्यांचं हसू जागच्या जागी गोठलं. परक्याने म्हातारपण दाखवून दिल्यासारखं होतं ते. दारावरची पाटी वाचून आडनाव आणि पुढे ‘सान’, बस्स.

कचरा

याचं पुस्तक होईल. वॉर्ड ऑफिसातून कचऱ्याचं वेळापत्रक घ्या, इंग्रजीतही मिळतं, आणि फ्रिजवर लावा. आमच्याकडे जळणारा कचरा आठवड्यातून दोनदा, कागद-काच-डबे-बाटल्या एकदा, वेष्टनाचं प्लॅस्टिक एकदा आणि न जळणारं महिन्यातून दोनदा. वॉर्ड बदलला की वारही बदलतात आणि नियमही, त्यामुळे शिंजुकूच्या मैत्रिणीचं ऐकू नका. पिशवी पारदर्शक किंवा अर्धपारदर्शक हवी, आतलं दिसलं पाहिजे. सकाळी आठपर्यंत ठेवायची, आदल्या रात्री नाही.

ओला कचरा पिळून, कागदात गुंडाळून. पिशवी जाळीच्या आत सरकवायची आणि जाळीच्या कडा नीट दाबायच्या, कारण कावळे. पितृपक्षात पानाला शिवावं म्हणून मिरजेला गच्चीवर तासभर विनवण्या करायला लावणारी जात ती हीच. इथे न बोलावता सात वाजता हजर. माझ्या पिशवीतला नारळाचा चव रस्ताभर झाला होता एकदा, आणि पिशवी कुणाची हे संत्र्यांच्या सालींवरून नव्हे, कढीपत्त्यावरून सगळ्यांना कळलं.

पेट बाटलीचं टोपण काढा, लेबल सोलून काढा, बाटली विसळा, चेपा. दुधाचा खोका विसळायचा, कापून उलगडायचा, वाळवायचा आणि गठ्ठा दोरीने बांधायचा. हे सगळं मला सुरुवातीला सोवळ्याओवळ्यासारखं वाटे, पण मग विचार केला की आमच्या आजीच्या सोवळ्यापेक्षा याला निदान कारण आहे. प्लॅस्टिकच्या वेष्टनावर एक छोटी चौकोनी खूण असते, ती असली की ते प्लॅस्टिकच्या दिवशी. आपल्या मसाल्यांच्या पाकिटांवर अर्थातच ती खूण नसते. शिवाय ती हळदीने पिवळी आणि आतून चंदेरी. धुऊन स्वच्छ होत नसेल तर जळणाऱ्यात टाका, आमच्या वॉर्डात तसं चालतं.

चुकलं तर पिशवी उचलत नाहीत. तिच्यावर एक चिकटपट्टी लावून जातात आणि ती पिशवी आल्यागेल्यांकडे बघत दिवसभर तिथेच बसते. ती मुकाट्याने उचलून घरी आणायची आणि पुन्हा निवडायची.

दिवाळीचं तळण झालं की उरलेलं तेल मोरीत ओतू नका. किराणाच्या दुकानात तेल घट्ट करणारी पूड मिळते. तेल गरम असताना ती विरघळवायची, गार झालं की कढईच्या आकाराची वडी सुटून येते, ती जळणाऱ्या कचऱ्यात. मला जपानातल्या सगळ्या यंत्रांपेक्षा या पुडीचं जास्त कौतुक आहे.

गादी, खुर्ची, सायकल अशा मोठ्या वस्तूंसाठी फोनवर किंवा संकेतस्थळावर दिवस ठरवायचा आणि दुकानातून २०० किंवा ३०० येनांची तिकिटं आणून वस्तूवर चिकटवायची. टीव्ही, फ्रिज, एसी आणि कपड्यांचं यंत्र त्यात घेत नाहीत, त्यांना वेगळा कायदा आणि जास्त पैसे. म्हणून कुणी फुकट फ्रिज देतोय म्हटलं की आधी विचार करा, तो त्याचे टाकायचे पैसे वाचवतोय.

रस्त्यावर कचराकुंड्या जवळपास नाहीत. १९९५ च्या सारिन हल्ल्यानंतर त्या बऱ्याच ठिकाणांहून हटवल्या. केळ्याचं साल पर्समध्ये घालून घरी आणायची सवय लागते.

हो, नाही आणि मधलं

चार शब्द आधी शिका. ‘सुमिमासेन’ माफीला, आभाराला आणि वेटरला हाक मारायला. ‘दाइजोबु देसु’ म्हणजे ठीक आहे, पण दुकानात पिशवी हवी का विचारल्यावर म्हटलं तर ‘नको’. ‘हाइ’ म्हणजे होच असं नाही. पुष्कळदा ते आपल्या गोष्ट ऐकतानाच्या ‘हं’सारखं असतं. माझ्या नवऱ्याने पहिल्या महिन्यात एका बैठकीतले अकरा ‘हाइ’ मोजून साहेबांना सांगितलं की ग्राहक तयार आहे. ग्राहक फक्त ऐकत होता. आणि ‘चोत्तो…’ म्हणजे थोडंसं. समोरच्याने ‘चोत्तो…’ म्हणून श्वास आत ओढला आणि वाक्य सोडून दिलं, की ते नाही आहे. पुढचं वाक्य ऐकायची वाट बघत उभे राहू नका. ‘विचार करतो’ हेही बहुधा नाहीच.

आपली मान डोलवायची सवय इथे घात करते. आपण होकारार्थी मान आडवी हलवतो ती त्यांना नकार वाटते. वरखाली हलवा.

एक गोष्ट मात्र मला कुणी शिकवावी लागली नाही. घरातून निघताना ‘जाते’ म्हणायचं नाही, ‘येते’ म्हणायचं, हे आपल्या हाडात आहे. जपानी माणूस निघताना म्हणतो ‘इत्ते किमासु’, शब्दशः जाऊन येतो. घरातला म्हणतो ‘इत्तेराश्शाइ’, जाऊन ये. माझ्या मुलीने बालवाडीच्या पहिल्या आठवड्यात हे इतकं सहज उचललं की बाईंना नवल वाटलं. तिला भाषांतर करावंच लागलं नव्हतं.

चपलांचंही तसंच, दारात काढायच्या हे आपल्याला काय सांगणार? फक्त दोन बारकावे. काढलेल्या चपलांची तोंडं दाराकडे वळवून ठेवायची. आणि संडासाच्या सपाता वेगळ्या असतात, त्या घालून बाहेर येऊ नका. मी एकदा आले, यजमानांच्या दिवाणखान्यापर्यंत. तातामी चटईवर तर कुठलीच सपाता नाही.

देणं-घेणं

डबा रिकामा परत देऊ नये हे आपल्या आयांनी शिकवलं. इथे त्याला ‘ओकाएशि’ म्हणतात आणि त्याचा हिशेब असतो. लग्न, बाळंतपण अशा प्रसंगी आलेल्या भेटीच्या साधारण निम्म्या किमतीचं परत द्यायचं. यातला धोका आपल्या लक्षात येत नाही: मोठी भेट दिली की आपण समोरच्याला खर्चात पाडतो. मी खालच्या बाईंना दिवाळीत पैठणीच्या काठाची उशी दिली. त्यांनी पेटीतलं खरबूज आणलं, ते खरबूज दुकानात किती येनांना मिळतं ते मी पाहिलं आणि ओशाळून मिठाई नेली. त्यांनी चहा पाठवला. हे संक्रांतीपर्यंत चाललं. शेवटी मी तिळगूळ नेला, अगदी चिमूटभर कागदात, आणि तेव्हा त्या नुसत्या आभार मानून थांबल्या. आमचं माप तिळगुळावर ठरलं, ते अजून तेच आहे.

चार नग देऊ नका. चारचा एक उच्चार ‘शि’, तोच मृत्यूचा. लाडू तीन किंवा पाच. गावाला जाऊन आलात तर ऑफिसात प्रत्येकाला एकेक येईल असा, सुटा गुंडाळलेला खाऊ न्या. काजूकतलीचा उघडा डबा मध्ये ठेवून ‘घ्या’ म्हटलं तर कुणी हात लावत नाही.

शाकाहारी असाल तर

‘निकु नाशि’, मांस नको, म्हणून सांगाल आणि हॅमचे तुकडे घातलेलं सॅलड येईल. ‘निकु’ म्हणताना पुष्कळांच्या डोळ्यांपुढे हॅम येतच नाही. मासे वेगळे सांगावे लागतात. आणि हेही सांगितलं तरी ‘दाशि’ उरतो: वाळवलेल्या बोनिटो माशाचं पाणी. मिसो सूप, उदोन-सोबा या शेवयांचं सार, भाज्यांची उकड, सगळ्याच्या तळाशी तो असतो, आपल्या फोडणीसारखा. तो त्यांना पदार्थ वाटतच नाही, चव वाटते, म्हणून विचारल्याशिवाय सांगणार नाहीत. ‘कात्सुओ दाशि’ हेच शब्द वापरून विचारा. जिलेटिन दह्यातही सापडतं. माझ्या सासूबाई आल्या होत्या तेव्हा मी घरीच शैवालाचा, म्हणजे कोंबूचा दाशि करून मिसो सूप दिलं. त्या म्हणाल्या, कढणात मीठ जास्त झालंय.

भातात काड्या उभ्या खोचू नका, तसा भात मेलेल्याला ठेवतात. काडीतून काडीत घासही देऊ नका. दहनानंतर अस्थी तशा उचलतात. पानात डावं-उजवं उलटं वाढलं तर आपल्या आज्या जशा दचकतात, तसंच.

झटपट

गाडीत फोनवर बोलायचं नाही, पाठीवरची पिशवी पुढे घ्यायची. आमची मेट्रोची तोझाई लाइन २०१९ पर्यंत सरकारी आकड्यांत १९९ टक्के भरायची, विरारवाल्यांना हसू येईल, पण त्या गर्दीतली शांतता त्यांनाही झेपणार नाही. सरकत्या जिन्यावर टोकियोत डावीकडे, ओसाकात उजवीकडे उभे राहतात. दुकानात पैसे हातात न देता समोरच्या तबकात ठेवा. टिप देऊ नका, मागे धावत येऊन परत करतात. सार्वजनिक ठिकाणी नाक शिंकरू नका. सुरसुर ओढत बसलेलं चालतं, याची मला अजून सवय झालेली नाही. टबात उतरण्याआधी बाहेर साबणाने धुऊन घ्यायचं, कारण त्याच पाण्यात घरचे सगळे बसतात. म्हणून केसाला तेल लावून टबात नाही.

मूल पहिलीत असेल तर एक रविवार मोकळा ठेवा. गणिताच्या पेटीतल्या प्रत्येक काडीवर, प्रत्येक चकतीवर नाव लिहायचं असतं. प्रत्येक. छापील नावांचे चिमुकले स्टिकर मागवता येतात, हे मला हाताने लिहून झाल्यावर कळलं.

पाणी

भूकंपाचं सगळे सांगतील. आमच्या वॉर्डात मला भीती पाण्याची वाटते. एदोगावाची सुमारे ७० टक्के जमीन भरतीच्या पातळीखाली आहे. २०१९ मध्ये वॉर्डाने पुराचा नकाशा घरोघर वाटला आणि त्याच्या मुखपृष्ठावरच्या नकाशात आमच्या भागावर लिहिलं होतं: ‘इथे राहता कामा नये’. एरवी ‘चोत्तो’ म्हणून थांबणारी माणसं इतकं सरळ बोलली, तेव्हाच मी तो कागद नीट वाचला.

त्याच ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेचा पूर आला होता आणि मी रात्रभर फोनवर माहेरची खबर घेत होते. ऑक्टोबरात इथे हागिबिस वादळ आलं. तेव्हा खालच्या बाईंच्या दारावर टकटक मी केली. त्यांना घेऊन आम्ही शाळेच्या वरच्या मजल्यावर गेलो, रात्रभर तिथे होतो, सकाळी परतलो. काही झालं नाही. नकाशा घ्या, तुमची शाळा कुठली ते बघा, एकदा सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन चालत जाऊन या. पिशवीत पाणी, औषधं, पासपोर्टच्या प्रती, चार्जर, मुलांना चालेल असं कोरडं खाणं ठेवा. आणि बूट ठेवायला माणशी एक प्लॅस्टिकची पिशवी. वादळ असो, पूर असो, शाळेच्या दारात ते काढावेच लागतात, आणि सकाळी शेकडो जोडांत आपला शोधावा लागतो.